आमच्या घरांची जोती

आमच्या वडिलांच्या पिढीने घरं बांधली ती सोसायटीचं कर्ज काढून, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन आणि आईच्या पाटल्या मोडून. कुणाचे वडील एचएमध्ये, कुणाचे टेल्कोत, कुणाचे आकुर्डीला बजाजमध्ये. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात एमआयडीसीने माळ घेतले, 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. साताऱ्याहून, सोलापूरहून, मराठवाड्यातून आलेल्या माणसांना 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने का होईना, आपलं म्हणायला अंगण मिळालं. त्यांची मुलं, म्हणजे आम्ही, आता साठीच्या आसपास आहोत. एकत्र जमलो की भोंग्याची आणि फर्स्ट शिफ्टच्या डब्याची आठवण निघतेच. पण अलीकडे बोलणं हटकून बांधकामावर येतं, कारण दर पावसाळ्यात आमच्यापैकी कुणाच्या तरी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलेलं असतं.

जोतं किती घ्यायचं यावर तेव्हा आठवडाभर खल चाले. मिस्त्री पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन यायचा. एक टोक रस्त्याच्या कडेला धरायचं, दुसरं कोपऱ्यातल्या खुंटाला. दोन्हीकडचं पाणी डचमळायचं थांबलं की कानावरची पेन्सिल काढून तो खुंटावर खूण करायचा. आम्हा पोरांना नळीचं टोक धरायचा मान मिळे. अंगठा निसटला की ओरडा बसे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. चिंचवड गावठाणातले एक आप्पा तिथे येऊन उभे राहायचे. त्यांनी पवनेचे पूर पाहिलेले. मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पाणी शिरलं की नदी कुठवर येणार, हे त्यांना सांगता यायचं. ते वडिलांना म्हणाले होते, ‘‘रस्त्यावरून मोजू नका दादा, ओढ्यावरून मोजा. रस्ता दरवर्षी वर येतो.’’ वडिलांनी आणखी दोन पायऱ्या वाढवल्या. मिस्त्री कुरकुरला, खर्च वाढला, आईने काही महिने किराण्यातून ती भर काढली.

आप्पांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट चढत गेलं आणि आमच्या आळीतली कित्येक अंगणं आज रस्त्याच्या खाली आहेत. जुना थर खरवडून न काढता नवा टाकण्याच्या या सवयीने जितक्या घरांत पाणी घातलं, तितक्या घरांत नदीनेही घातलं नसेल.

उन्हाचीही तजवीज होती. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असे. पावसाचं पाणी अडवायचं म्हणून तो घालत, पण ऊनही त्यात बरंचसं अडकायचं. होळीच्या सुमारास आई चुना भिजवायची, त्यात थोडा डिंक घालायची आणि गच्चीला हात मारायची. खालच्या खोलीत दुपारी फरक जाणवायचा. खिडक्यांवर हातभर सज्जे होते, समोरासमोर खिडक्या होत्या, अंगणात माती होती.

पण हे सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय या आठवणींना अर्थ नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुलं सिमेंटच्या पत्र्याखाली वाढली. मे महिन्यात त्यांच्या आया पत्र्यावर गोणपाट अंथरून पाणी मारायच्या, तेही नळाला पाणी असलं तर. ‘पूर्वी घरं गार होती’ असं सरसकट म्हणणं त्या बायकांवर अन्याय करणारं आहे. आज चाकण, कुदळवाडीच्या खोल्यांत राहणारा कंत्राटी कामगार रात्रपाळी करून येतो आणि भर दुपारी तशाच पत्र्याखाली झोपायला बघतो. हवामान बदलाला तोंड देणारं शहर बांधायचं, तर पहिलं काम या खोल्यांच्या छपरांचं आहे, आणि पांढरा रंग ही त्यातली अगदी स्वस्त सुरुवात आहे.

पाऊसही बदलला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या 2017 च्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. नदीकाठच्या बांधकामासाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे हिशेब मागच्या पुरांवरून केलेले असतात. पाऊस बदलला तर रेषाही नव्याने आखायला हव्यात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं, तर लाल रेषेच्या पातळीहून 45 सेंटिमीटर वर, असा राज्याचा नियम आहे. म्हणजे दीड फूट. आप्पांच्या दोन-तीन पायऱ्याच त्या.

नियम मोडला की काय होतं, ते शहराने पाहिलं. 25 जुलै 2024 ला पवना, मुळा, इंद्रायणी तिन्ही फुगल्या आणि काठावरच्या वस्त्यांतून माणसं हलवावी लागली. मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले महापालिकेने न्यायालयीन आदेशावरून पाडले. त्यांतही आयुष्यभराची पुंजी होती, आमच्या वडिलांसारखीच. त्या कुटुंबांचं दुःख मोठं आहे. तरी निकाल योग्यच होता.

चाकणची गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडली. कांदा-बटाट्याची शेतं होती, तिथे मोटारींचे कारखाने आले. काळ्या जमिनीत मुरणारं पाणी आता शेडच्या छपरांवरून आणि काँक्रीटच्या आवारांतून एकदम रस्त्यावर येतं. वाटेतले ओढे नळ्यांत कोंबलेले किंवा बुजवलेले. कारखाना म्हटला की असं व्हायलाच हवं, असं नाही. टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात सुमंत मुळगावकरांनी तळं करून घेतलं, झाडं लावून घेतली. आमचे वडील त्याबद्दल गाडीच्या उत्पादनाइतक्याच अभिमानाने बोलायचे.

आता प्राधिकरणातली आमची घरं पुनर्विकासाला निघाली आहेत. सभेत चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची. माझ्या पिढीला विनंती आहे, सही करण्याआधी पूररेषेचा नकाशा मागा. जवळचा ओढा उघडा राहणार की झाकणार, ते लेखी घ्या. विजेचे मीटर, जनरेटर आणि पाण्याचे पंप तळघरात ठेवू देऊ नका. मातीचं थोडं अंगण नकाशावर दाखवून घ्या, आणि जोत्याची उंची ओढ्यावरून मोजायला लावा.