आपले पत्र आपण वाचा, अक्षर मोठे करून वाचा

मराठीत वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वयाला आणि चष्म्याला एकच नाव देणाऱ्या आपल्या वाडवडिलांचे निरीक्षण अचूक होते. चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होत जाते आणि जवळचे अक्षर अस्पष्ट दिसू लागते. हा रोग नव्हे. शिकलेला असो वा अडाणी, श्रीमंत असो वा गरीब, वयोमानाने हा बदल सर्वांनाच होतो. तरीही ‘मला बारीक अक्षर दिसत नाही’ असे सांगायला आपली माणसे लाजतात. हातातला कागद लांब धरतात, जवळ आणतात आणि शेवटी दुसऱ्याच्या हाती देऊन म्हणतात, ‘जरा बघ रे बाळा, काय लिहिलंय.’

आज कागदाच्या जागी मोबाईल आला आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीचा निरोप, परीक्षेचे प्रवेशपत्र, पेन्शनची सूचना, रक्त तपासणीचा रिपोर्ट हे सारे ई-मेलने येते. मी कार्यालयात कारकून आहे. दिवसभर ई-मेल वाचणे आणि त्यांना उत्तरे तयार करणे हेच माझे काम. संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसते तेव्हा लोक मोबाईल घेऊन येतात. ‘ताई, एवढं वाचून द्या.’ वाचून देणे सोपे असते. दोन मिनिटांचे काम. पण आपले पत्र दुसऱ्याने वाचून देणे आणि आपण स्वतः वाचणे यात किती अंतर आहे, ते मी येथे पाहिले आहे.

सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. शिक्षण सातवीपर्यंत, पण रोजचे वर्तमानपत्र चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार. त्यांना बँकेची ई-मेल आली. पांढऱ्यावर राखाडी रंगाची, मुंगीसारखी अक्षरे. नातवाला दाखवली तर तो खेळता खेळता म्हणाला, ‘काही नाही आजोबा, जाहिरात आहे.’ काकांचे समाधान झाले नाही. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘ताई, मला वाचता येतं हो. पण हे दिसतच नाही.’ मी मोबाईलमधले अक्षर मोठे करून मोबाईल त्यांच्याच हाती परत दिला. काकांनी एकेक शब्द लावीत मोठ्याने वाचले. हयातीचा दाखला नोव्हेंबर संपण्यापूर्वी द्यावा, अशी ती सूचना होती. तो दाखला वेळेवर गेला नाही तर पेन्शन थांबते. नातवाचा यात दोष नाही. पेन्शन ज्याची, काळजीही त्यालाच असणार.

दुसरी गोष्ट घरकाम करणाऱ्या एका मावशींची. तपासणीचा रिपोर्ट ई-मेलवर आला होता. दोन दिवस त्यांनी तो उघडलाच नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘ताई, हे आधी कुणी वाचायला नको.’ बाईमाणसाचे दुखणे शेजाऱ्याच्या मुलाने वाचायचे, मग ते साऱ्या चाळीला कळायचे! माझ्या शरीराची बातमी प्रथम मला कळावी, एवढीच त्या मावशींची अपेक्षा होती. रिपोर्टचा कागद पडद्यावर दोन बोटांनी कसा मोठा करायचा हे मी दाखविले आणि तेथून उठले.

वाचक बंधू-भगिनींनो, हे अक्षर मोठे होते तरी कसे, ते समजून घेऊ. छापखान्यात खिळे जुळवून पान छापत, तेव्हा अक्षराचा आकार छापणाऱ्याच्या हाती असे. बारीक छापले की ते कायमचे बारीक. ई-मेलचे तसे नाही. ई-मेलमधून अक्षराचे चित्र येत नाही, अक्षराचा क्रमांक येतो. युनिकोड नावाच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक दिलेला आहे. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून आपली देवनागरी तिच्यात आहे. ‘क’चा क्रमांक आला की आपला मोबाईल स्वतःजवळचा ‘क’ काढून दाखवितो. तो केवढा काढायचा, हे आपण त्याला सांगू शकतो. पाठविणाऱ्याने बारीक आकार ठरविला असला तरी मोठा करून घेणे आपल्या हाती राहते.

आता कृती. अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ उघडावे. तेथे ‘फॉन्ट साइज’ किंवा तशाच नावाची ओळ असते. तिच्यातील पट्टीवरचा ठिपका उजवीकडे सरकविला की अक्षर मोठे होते. हे एकदा केले की पुरे, रोज करावे लागत नाही. एखादी ई-मेल तरीही बारीक राहिली तर पडद्यावर दोन बोटे टेकवून ती फाकवावीत. तेवढ्यानेही भागत नसेल तर सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात ‘मॅग्निफिकेशन’ असते. ते सुरू केले की संपूर्ण पडद्यालाच भिंग लागते. ई-मेलला जोडून आलेल्या कागदाच्या फोटोला फॉन्टचा आकार लागू होत नाही, कारण त्यात अक्षर नसते, अक्षराचे चित्र असते. तो बोटांनीच मोठा करावा लागतो.

संगणकावर जीमेल उघडले असेल तर कंट्रोलची कळ दाबून धरावी आणि अधिक चिन्हाची कळ दाबावी. वजा चिन्हाने अक्षर लहान होते, शून्याने पूर्ववत होते. थंडरबर्ड या मोफत ई-मेल प्रोग्रॅममध्येही याच कळा चालतात. आउटलुकच्या क्लासिक आवृत्तीत खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात टक्केवारीची पट्टी असते, ती सरकवावी. थंडरबर्डमध्ये आणखी एक सोय आहे. तिच्या सेटिंग्जमधील फॉन्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ चौकटीत इंग्रजीच्या लॅटिन लिपीचा आकार वेगळा आणि देवनागरीचा वेगळा ठरविता येतो. अमुक मापापेक्षा लहान अक्षर दाखवूच नये, असेही तेथे बजावता येते.

मराठीसाठी हा वेगळा आकार महत्त्वाचा आहे. ज्या मापात इंग्रजी नीट वाचता येते, त्याच मापात मराठी अक्षराची दाटी होते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, पायाशी उकार आणि मध्ये जोडाक्षर. हे सारे तेवढ्याच उंचीत बसवायचे! मग ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात, ‘भ’ आणि ‘म’ ओळखू येत नाहीत. सर्वात घातक जोडी १ आणि ९ची. अर्जाची शेवटची तारीख १ असताना ती ९ वाचली तर मुलाचे एक वर्ष गेलेच म्हणून समजा.

लोक एक शंका नेहमी विचारतात. ‘मी अक्षर मोठं केलं तर साहेबांनाही मोठं दिसेल का?’ नाही. वाचण्यासाठी केलेला बदल आपल्याच पडद्यापुरता असतो. चष्मा आपण लावला म्हणून समोरच्याच्या नाकावर येत नाही. लिहिताना मात्र वेगळे असते. जीमेलवर लिहिताना चौकटीखाली अक्षराचा आकार निवडता येतो. तेथे जो निवडू, तो पत्राबरोबर समोरच्याकडे जातो. म्हणून अर्ज नेहमीच्या आकारातच लिहावा. मंडळाची सूचना वडीलधाऱ्यांना पाठवायची असेल तर एक पायरी मोठा आकार घ्यावा. सूचना फळ्यावर लिहून तिचा फोटो पाठविण्याऐवजी मजकूर टाइप करून पाठवावा, म्हणजे ज्याला जेवढा हवा तेवढा तो मोठा करून घेईल. तारीख आकड्यात लिहिली तरी सोबत वार लिहावा. १ आणि ९चा घोटाळा होत नाही.

ही उपकाराची मागणी नाही, हेही लक्षात असू द्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ४२ नुसार छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, यासाठी शासनाने पावले उचलायची आहेत. मोठ्या अक्षरातील छपाईचाही त्या कायद्यात संवादाच्या साधनांत उल्लेख आहे. ज्याची दृष्टी खरोखरच अधू आहे, त्याला मोठे अक्षर मिळणे हा त्याचा हक्क आहे.

एक सावधगिरी मात्र सांगते. अक्षर मोठे केले म्हणून डोळे तपासायचे राहू देऊ नयेत. मोतीबिंदू आणि मधुमेहाने होणारा डोळ्यांचा बिघाड मोठ्या अक्षरामागे लपून बसतात. नेहमीचे मोठे अक्षरही कमी दिसू लागले तर सरकारी रुग्णालयातील नेत्र विभाग गाठावा.

प्रत्येक घरात एक तरी मुलगा किंवा मुलगी अशी असते, जिला मोबाईलचे सारे कळते. त्या मुलांना माझे सांगणे आहे. आजी-आजोबांनी मोबाईल पुढे केला तर तो हातातून घेऊन भराभर वाचून परत देऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, पट्टी कोठे आहे ते दाखवा आणि ठिपका त्यांच्याच बोटाने सरकवू द्या. एकदा विसरतील, दोनदा विसरतील, तिसऱ्यांदा जमेल. आपल्या घरातली कित्येक माणसे दिवसा राबून, रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकली आहेत. एवढ्या कष्टाने मिळविलेले वाचन केवळ बारीक अक्षरापायी सुटता कामा नये. येत्या रविवारी अर्धा तास काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमधले अक्षर त्यांना हवे तेवढे मोठे करून घ्यायला शिकवा.