चाकांवरचा पूल

आइसलंडच्या नकाशावर काही रस्त्यांच्या आकड्याआधी ‘एफ’ हे अक्षर छापलेलं असतं. एफ म्हणजे डोंगरी रस्ता. हिवाळाभर हे रस्ते बंद. बर्फ वितळून जमीन जरा वाळली की जूनच्या मध्यापासून ते एकेक करून उघडतात आणि सप्टेंबरात पुन्हा मिटायला लागतात. उघडे असले तरी त्यांवर गाडी न्यायची ती चारही चाकांना ताकद पोचवणारीच, असा नियम. शिवाय भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा नदीच्या काठाशी थांबतो. पाण्यात गाडी घातली आणि इंजिन बसलं, तर भुर्दंड ज्याचा त्याला. आम्हाला जायचं होतं ते एफ२४९ वरून थोर्समर्कला, दक्षिणेतल्या तीन बर्फाळ डोंगरांच्या मधल्या बर्चच्या रानात.

सत्तरी ओलांडलेल्या मावशीपासून दहावीच्या उंबरठ्यावरच्या भाचीपर्यंत आमच्यात सगळी वयं होती. दोन-तीन जीप घ्याव्यात असा एक सूर निघाला. मावशीनं तो तिथल्या तिथे मोडून काढला. “वेगवेगळ्या गाड्यांत बसायचं तर एकत्र यायचं कशाला? पुढच्या गाडीतल्यांनी काय पाहिलं ते मागच्यांनी रात्री जेवताना ऐकायचं का?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मग सगळ्यांना एकदम पोटात घेईल आणि नदीही ओलांडेल अशी एकच गाडी शोधली, आणि तिच्यासोबत तिथलाच चालक.

सकाळी रेक्याविकमध्ये हॉटेलसमोर उभी राहिली ती मर्सिडीज-बेंझची स्प्रिंटर, चारही चाकं ओढणारी. उंचावलेली, रुंद टायरांची, दाराखाली जादा पायरी लावलेली. आपल्या टेंपो ट्रॅव्हलरशी तिचं नातं आहे आणि ते नुसतं दिसण्यातलं नाही. बजाज टेंपोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, १९८०च्या दशकात ट्रॅव्हलर काढली ती मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनच्या परवान्यावर. युरोपात १९९५ साली टी-१ ची जागा स्प्रिंटरनं घेतली. अष्टविनायकाच्या यात्रा आणि लग्नाची वऱ्हाडं वाहणारी आपली ट्रॅव्हलर ही हिची थोरली चुलतबहीण म्हणायची.

भाच्यानं आत चढायच्या आधीच चालकाला आकडे विचारून घेतले. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, १९० अश्वशक्ती, ४४० न्यूटन-मीटर टॉर्क. “मग पळते किती?” या प्रश्नावर चालक हसला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं डॅशबोर्डवरची दोन बटणं दाखवली. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. पहिलं बटण दाबलं की ताकदीचा ३५ टक्के वाटा पुढच्या चाकांकडे जातो. दुसरं दाबलं की गाडी अधिकच हळू होते आणि त्या बदल्यात चाकांवरचा जोर ४२ टक्क्यांनी वाढतो. ताकद इथे वेग देऊन विकत घ्यायची असते, हे भाच्याला फारसं रुचलं नाही.

शहराबाहेर पडल्यावर लागला तो एक नंबरचा महामार्ग, सबंध बेटाला वळसा घालणारा. हेत्लिसहेयदीच्या पठारावर रस्त्यालगत पांढऱ्या वाफेचे लोट उठत होते. तिथलं भूऔष्णिक केंद्र वीज तर करतंच, रेक्याविकच्या घराघरांत गरम पाणीही पोचवतं. घाट उतरून सेल्फॉस, हेत्ला, ह्वोल्सवोत्लुर ही गावं मागे पडली. डांबर गुळगुळीत होतं, गाडीत चिवडा फिरत होता, अंताक्षरी ‘म’ वर अडकली होती. सेल्यालान्सफॉसचा साठेक मीटरचा धबधबा आणि त्याच्या पाठीमागून जाणारी पायवाट यांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. आम्ही भिजलो, एवढंच.

धबधब्यापासून २४९ नंबरचा रस्ता आत वळतो. काही अंतर गेल्यावर डांबर संपतं, मग आकड्याआधी एफ येतो आणि नद्यांची सूचना देणारा फलक लागतो. चालकानं गाडी थांबवली, खाली उतरून प्रत्येक चाकातली हवा थोडी सोडली. टायर जरासा बसका झाला की जमिनीवर पसरतो, दगडाला कवेत घेतो आणि धक्का आतल्या माणसांपर्यंत कमी येतो. बर्फावर जायचं असेल तर याहून कितीतरी जास्त हवा काढतात, टायर अगदी लोळायला लागेल इतकी. त्यासाठी ४६ इंची टायर बसवलेल्या स्प्रिंटरही या देशात आहेत. आमची तितकी अवाढव्य नव्हती.

पुढचा रस्ता म्हणजे काळ्या वाळूत आणि गोट्यांत उमटलेल्या चाकोऱ्या. डावीकडे मार्करफ्ल्योत नदीचं पात्र, मैलभर रुंद वाटावं असं, आणि त्यात पाण्याच्या दहा-बारा वेण्या. एके ठिकाणी चाकोरीत खड्डा होता आणि शेजारी सपाट मऊ शेवाळाचा गालिचा. काका पुढे बसले होते. “इकडून घ्या ना, बाजूनं,” ते म्हणाले. चालकानं मान हलवली आणि गाडी खड्ड्यातूनच नेली. आम्ही सगळे छताच्या दिशेनं उडालो. मग त्यानं सांगितलं की या देशात आखलेली वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि दंड जबर आहे. शेवाळावर एकदा चाक फिरलं की तो ओरखडा कित्येक दशकं भरून येत नाही. थंडी कडक, उन्हाळा तोकडा, वाढ मुंगीच्या पावलानं.

मला याची गंमत वाटली. ही गाडी वाळूतून, बर्फातून, ओढ्यातून, कुठूनही जाऊ शकते. पण एवढी ताकद घेऊन तिनं जायचं ते फक्त त्या दोन चाकोऱ्यांतून. साधी गाडी वाट बिकट झाली की बाजूनं पळवाट काढते. हिला ती मुभा नाही. खड्डा आहे तसा पचवायचा, दगड आहे तसा चढायचा. जमिनीला धक्का न लावता पुढे सरकता यावं, यासाठीच तो सगळा टॉर्क.

उजव्या हाताला एयाफ्यातलायोकुत्ल दिसायला लागला. १६५१ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी २०१० साली जगाला माहीत झाला. मार्चमध्ये त्याच्या बगलेतून लाव्हा वाहिला. १४ एप्रिलला खुद्द शिखरावरच्या बर्फाखाली स्फोट झाला आणि राखेच्या ढगानं युरोपची विमानं सहा दिवस जमिनीवर बसवली. मावशीला ते नेमकं आठवत होतं, कारण तेव्हा तिची लेक लंडनच्या विमानतळावर अडकली होती. “म्हणजे हाच का तो!” ती खिडकीतून त्याच्याकडे जरा रागानंच बघत राहिली. विमानांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. इथे काय झालं ते कमी जणांना. वितळलेल्या बर्फाचा लोंढा गीग्योकुत्ल नावाच्या हिमनदीवरून खाली कोसळला. तिच्या पायथ्याशी एक सुंदर तळं होतं, हिमखंड तरंगणारं. गाळानं ते भरून टाकलं. आता तिथे करड्या दगडगोट्यांचा उतार आहे.

थोडं पुढे घराएवढे धोंडे पात्रात विखुरलेले दिसले. ही त्याआधीची करणी. जानेवारी १९६७ मध्ये डोंगराचा एक कडा सुटून स्टेन्सहोल्ट हिमनदीवर आणि तिच्या पुढच्या पाण्यात पडला, आणि उसळलेल्या पुरानं हे धोंडे इथवर आणून टाकले. अशा मुलखात रस्ता बांधायचा तो कशाच्या भरवशावर?

पहिले दोन प्रवाह आम्ही किंचाळत, टाळ्या वाजवत ओलांडले. मग आली क्रोसाउ. हिमनदीचं पाणी दळलेल्या खडकाची भुकटी घेऊन येतं, त्यामुळे ते करडं आणि गढूळ असतं. वीतभर खोल आहे की पुरुषभर, वरून काही कळत नाही. चालक काठावर गाडी उभी करून उतरला आणि नुसता बघत राहिला. नदी वाचायची ही पद्धत त्यानं नंतर समजावली. पात्र जिथे रुंद होतं आणि पाण्यावर बारीक लाटा नाचतात तिथे ते उथळ. पाणी गुळगुळीत आणि शांत दिसतं तिथे खोल. आपल्याला नेमकं उलटं वाटतं, आणि अनोळखी माणूस तिथेच गाडी घालतो. कालची चाकोरी आज खरी असेलच असं नाही, कारण रात्रीतून प्रवाह जागा बदलतो. शंका असेल तर छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून आधी स्वतः चालून बघायचं. जिथून चालत जाववत नाही तिथून गाडी न्यायची नाही.

त्यानं दोन्ही बटणं दाबली. गाडी तिरकी, प्रवाहाच्या थोडी सोबतीनं पाण्यात उतरली. तिच्या नाकासमोर पाण्याची एक कमान तयार झाली, आणि ती कमान मोडणार नाही इतक्याच बेताच्या, एकसारख्या वेगानं त्यानं ती पुढे नेली. थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही, घाई करायची नाही. डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही, त्यामुळे शिंतोड्यांनी ते विझत नाही; मात्र हवा ओढणाऱ्या नळीत पाणी शिरलं तर सिलिंडरात ते दाबलं जात नाही आणि इंजिन आतून मोडतं. म्हणून ती नळी उंचावर घेतलेली असते. चाकाखालून गोटे सरकल्याचा गडगडाट फरशीतून पायांना जाणवत होता. एक चाक घसरलं, तसं यंत्रणेनं त्याला ब्रेक लावून जोर बाकीच्यांकडे वळवला. गाडी क्षणभर अडली, मग पलीकडच्या काठावर चढली. या वेळी मात्र टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्यांचे हात पुढच्या सीटच्या दांड्यांना घट्ट धरलेले होते.

इथे पूल का नाही, हा प्रश्न आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी विचारला. उत्तर नदीनंच दाखवलं. आज ती या कडेनं वाहते, पुढल्या वर्षी त्या कडेनं. पूल बांधला तर तो कोरड्या गोट्यांवर उभा राहायचा आणि नदी त्याला वळसा घालून जायची. पायी येणाऱ्यांसाठी मात्र इथे पूल आहे, आणि त्याला चाकं आहेत. लांबट लाकडी पट्टीचा सांगाडा, खाली मोठी चाकं. नदीनं जागा बदलली की ट्रॅक्टरनं ओढून तो तिच्यावर नेऊन ठेवायचा. आमच्यातले दोघे स्थापत्य अभियंते होते, आयुष्यभर पूल बांधलेले. ते बराच वेळ त्या चाकांपाशी वाकून उभे राहिले आणि मग एकमेकांकडे बघून हसले.

पलीकडे हूसादालूरच्या दरीत बर्चची बुटकी झाडं, रानफुलं आणि गरम कॉफी मिळाली. आम्ही थर्मासमधला चहाच प्यायलो. ज्यांचे गुडघे धड होते ते वालाह्नूकुर टेकडीवर चढले. चारशे अठ्ठावन्न मीटरच फक्त, पण वरून तिन्ही बर्फाळ माथे आणि खालची वेण्यांची नदी एका नजरेत मावते. लांडमन्नालौगरहून निघालेले पदयात्री पंचावन्न किलोमीटर चालून इथेच पोचतात. त्यांचे सुजलेले पाय पाहून मावशीनं आपल्या सीटला मनोमन नमस्कार केला असावा.

परतताना ऊन होतं, म्हणजे बर्फ वितळलं होतं, म्हणजे पाणी वाढलं होतं. हिमनदीचे प्रवाह पहाटे रोडावलेले आणि दुपारनंतर फुगलेले असतात. सकाळचा उतार चालकानं नुसत्या नजरेनं नाकारला आणि रबरी कपडे चढवून खालच्या अंगाला दुसरा शोधला. पलीकडच्या काठावर एक तरुण जोडपं चारही चाकं ओढणारी छोटी गाडी घेऊन उभं होतं. कायद्यानं ती गाडी या रस्त्याला पात्र होती. नदीच्या हिशेबानं नव्हती. आमचा चालक ओलांडून गेल्यावर त्यांच्याशी दोन मिनिटं बोलला. त्यांनी गाडी तिथेच ठेवली, पाठीवर पिशव्या टाकल्या आणि चाकांच्या पुलाकडे चालू लागले.

आपल्याकडे कोकणातल्या सड्यांवर आणि नदीपात्रांत दणकट गाड्या घालून फोटो काढायची हौस वाढली आहे, आणि पावसाळ्यात त्याच सड्यांच्या कातळावर पावसापुरती उगवणारी फुलं त्या चाकांखाली जातात. गाडी जाऊ शकते म्हणून ती न्यायची, हा आपला हिशेब. तिकडचा हिशेब असा, की वाट जशी आहे तशी राहू द्यायची आणि तिला सोसेल अशी गाडी करायची.

कुणाला जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट बरे. सकाळी लवकर निघावं. पाठ दुखणाऱ्यांनी मागची सीट टाळावी, कारण तिथे दणका जास्त बसतो. गट मोठा असेल तर एकच मोठी गाडी आणि तिथला चालक घ्यावा, बस असेल तर बसनं जावं. आणि ज्या देशात पुलाला चाकं लावावी लागतात, तिथे स्टिअरिंग स्वतःच्या हातात असावं हा हट्ट धरू नये.