कळ आणि अक्षर

मराठी शिकविणाऱ्यांनी ग्राफिक्स लायब्ररीतील दोषदुरुस्तीविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांला मात्र हा विषय पाठचिकित्सेच्या शेजारचा वाटत आला आहे.

'एसडीएल' ही सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली लायब्ररी. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एकदाच सांगायचे: खिडकी उघड, कळ दाबली गेली की कळव. तेच विंडोज, मॅक किंवा लिनक्सच्या बोलीत सांगण्याचे काम लायब्ररीचे. ती एक दुभाषी आहे, आणि दुभाष्याची परीक्षा होते ती बोली जेथे अडते तेथे.

कळ दाबून धरली की अक्षर पुन्हा पुन्हा उमटते, ही साधी गोष्ट घ्या. लिनक्सवरील जुन्या 'एक्स-११' पद्धतीत अशा वेळी कळ सुटली आणि पुन्हा दाबली गेली, अशा सूचनांची जोडी येत राहते. बोट तर जागचे हललेलेही नसते. पुढच्या सूचनेत डोकावून ही सुटका खरी की निव्वळ पुनरावृत्ती, हे लायब्ररीला ठरवावे लागते. नंतरच्या 'वेलँड'च्या मूळ रचनेत पुनरावृत्ती किती वेळाने आणि किती वेगाने, एवढेच सांगितले जाते. ती घडवायची प्रोग्रामच्या बाजूनेच. एका ठिकाणी निर्दोष ठरलेली ओळ दुसरीकडे अपपाठ ठरते ती अशी.

जोडाक्षरांच्या सरावासाठी आम्ही एक लहानसा प्रोग्राम लिहू लागलो, तेव्हा हा प्रश्न आमच्या विषयाला येऊन भिडला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर डब्ल्यू, ए, एस, डी या कळांच्या जागी ऐकार, ओकार, एकार यांच्या मात्रा आणि हलन्त आहेत. अनेक खेळांत याच चार कळांनी पात्र चालते. 'डब्ल्यू हे अक्षर आले का?' असे प्रोग्रामने विचारले, तर मराठी कळफलक सुरू ठेवलेल्या मुलीचे पात्र जागीच खिळून राहील. तेथे कळीची जागा विचारली पाहिजे. नाव लिहून घेताना मात्र मजकूरच विचारला पाहिजे. विंडोजच्या इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ७ दाबले की 'क्ष' येतो. म्हणजे एका दाबात क, हलन्त आणि ष असे तीन संकेत. एक कळ म्हणजे एक अक्षर, असे मानणाऱ्या प्रोग्रामला 'अक्षय' हे नाव पेलत नाही. २०१३ मधील एसडीएल २.० ने कळीची सूचना आणि मजकुराची सूचना वेगळी केली. ध्वनी, वर्ण आणि लिपिचिन्ह यांतील भेद वर्गात समजावणाऱ्यांना या विवेकाचे मोल सहज कळावे.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. संहितेत शिरलेले वेगळे काढायचे, आणि तसे करताना स्वतःचे काही शिरू द्यायचे नाही, ही शुद्धीकरणाची शिस्त. लायब्ररीतील दुरुस्तीचीही शिस्त हीच: विंडोजवरील दोष काढताना मॅकवरची शुद्ध ओळ बिघडता कामा नये.

एक फरक मात्र उरतो. येथे दोष दिसतो तो त्या बोलीत राहणाऱ्यालाच. मराठीतून टंकणारे कोणी तो नेमका नोंदवला नाही, तर दूरच्या कुशल दुरुस्तीकारालाही तो दिसणार नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो: नाव विचारले गेले, की ते देवनागरीत लिहून पाहा. बिघडले, तर कोणती प्रणाली, कोणता कळफलक, कोणती कळ, हे नीट लिहून कळवा. भाषेची चाकरी अशीही होते.