आमच्याकडे घोडे होते

मराठी भाषेत घोड्यांना तोटा नाही. घोडे पेंड खाते ते नेमके कुठे, हे मी गेली अठरा वर्षे महाविद्यालयात समजावून सांगत आलो आहे. वरातीमागून येणारे घोडे दरवर्षी निकालाच्या रूपाने पाहतो. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध एकदाचा बांधून झाला, की घोडे गंगेत न्हाले म्हणून सुस्कारा सोडतो. शिलेदाराचे घोडे स्वतःचे आणि बारगिराचे सरकारी, हा भेद तर बखरी शिकवताना इतक्यांदा सांगितला आहे, की झोपेतही चुकणार नाही. जिभेवर एवढी पागा बाळगणारा हा प्राध्यापक प्रत्यक्ष घोड्यावर बसला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. आणि उतरला तो स्वतःच्या इच्छेने नव्हे, घोड्याच्या.

याला कारण आमची कन्या. २०२३ च्या सप्टेंबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळविले. अश्वारोहणात भारताला १९८२ च्या दिल्ली आशियाडनंतर, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, सोने मिळाले. त्या संध्याकाळी आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने जेवणाच्या ताटावरच जाहीर केले, की आपण घोड्यावर बसायला शिकणार. मी म्हटले, आठ दिवसांत उतरेल. उतरले नाही. पनवेलजवळच्या एका अश्वशाळेत दर शनिवार-रविवारी एकेक तास, अशी आमची बारगिरी सुरू झाली. घोडा शाळेचा, खोगीर शाळेचे, तासाचे पैसे माझे. मुलीला सोडायला जायचे आणि झाडाखाली उत्तरपत्रिका तपासत बसायचे, हा माझा क्रम. पुढे शिक्षकांनी, बसलाच आहात तर बसून पाहा, असा सल्ला दिला. त्याचा शेवट वर सांगितलाच आहे.

ड्रेसाज म्हणजे काय, हे मला समजायला बराच वेळ लागला. त्यात घोड्याला पळवायचे नसते, उड्या मारायच्या नसतात. वीस मीटर रुंद आणि चाळीस किंवा साठ मीटर लांब अशा आखलेल्या मैदानात घोडा शांतपणे चालवायचा, दुडकीने न्यायचा, वर्तुळे काढायची, थांबवायचा. सगळे ठरल्या जागी आणि घोड्याने आपखुषीने केल्यासारखे दिसले पाहिजे. जागा कळाव्यात म्हणून कडेने अक्षरे मांडलेली असतात. लहान मैदानात ती अशी येतात : ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. पाणिनीपासून दामल्यांपर्यंत कुणाही वैयाकरणाला हा वर्णक्रम लावता आला नसता. मुलीने तो दोन दिवसांत पाठ केला. मला अजून एच आणि एम यांची गल्लत होते.

त्याहून गंमत गुणांची. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. शेजारी परीक्षकाचा शेरा. शेवटी टक्के. मी स्वतः आयुष्यभर लोकांना गुण देत आलेला माणूस. पण पोटच्या पोरीची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे छातीत काय होते, हे मला पहिल्या स्पर्धेच्या दिवशी कळले. अर्थात त्या दिवशी टक्के काढायची वेळच आली नाही. मैदानाबाहेर कुणाची तरी ताडपत्री वाऱ्याने फडफडली, घोडा बुजला आणि चारही पायांनी रेषेबाहेर गेला. चारही पाय बाहेर गेले की स्पर्धक बाद. मुलगी खाली उतरली, घोड्याच्या मानेवर थोपटले आणि तंबूमागे जाऊन रडली.

मला सांगायचे आहे ते मात्र त्यानंतरच्या दहा मिनिटांविषयी. चहाच्या टेबलापाशी दुसऱ्या एका मुलाचे वडील भेटले. सज्जन गृहस्थ. सांत्वन करीत म्हणाले, "होतं असं पहिल्या वेळी. पण मुलीची बैठक फार छान आहे. तुमच्या घरात पूर्वी कुणी घोड्यावर बसत होतं का?"

मी म्हणालो, "हो, आमच्याकडे घोडे होते. रेवदंड्याला."

गृहस्थांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. वाडा, वतन, जुने घराणे, असे काहीबाही त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावे. मी ते पुसले नाही. मागे वळलो तर मुलगी उभी. डोळे लाल, आणि माझ्याकडे पाहत.

वाक्यात खोटे काहीच नव्हते. आमच्याकडे घोडे होते; एकामागून एक असे तीन. माझे वडील टांगा चालवीत.

रेवदंडा ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की हे गावच किल्ल्याच्या पोटात वसलेले आहे. पोर्तुगिजांचा तट, तटातून आत शिरणारा रस्ता, आत नारळी-पोफळीच्या वाड्या, सातखणीचा उरलेला मनोरा; एका अंगाला समुद्र आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर. त्या तटाच्या दरवाजापासून चौलपर्यंत बाबांचा टांगा जाई. बाजारकरी, बाळंतिणी, मुंबईहून सुटीला आलेली मंडळी, हे त्यांचे गिऱ्हाईक. पहाटे खरारा आणि चंदी, दुपारी तोबरा, रात्री पाय चोळणे. घरात आमच्याआधी घोड्याचे होई. शाळेत मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून जिभेचा 'च्यक् च्यक्' असा आवाज निघे. अलिबागला महाविद्यालयात गेलो तेव्हा अर्जावरील 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात मी 'वाहतूक' असे लिहिले. शब्द निवडण्याची माझी हातोटी इतकी जुनी आहे. तोवर टांगा उरलाही नव्हता. मिनीडोर रिक्षा आल्या, बाबांनी शेवटचा घोडा विकला आणि वाडीच्या शिंपण्याला लागले.

मुलगी गाडीत काही बोलली नाही. पनवेलच्या अलीकडे एवढेच म्हणाली, "आजोबांनी मला कधी घोड्याचं काही सांगितलं नाही. तुम्ही सांगू नका म्हणालात का?"

मी तसे कधी म्हणालो नव्हतो. म्हणावे लागले नव्हते, हे जास्त खरे.

पुढच्या शनिवारी आम्ही रेवदंड्याला गेलो. शेजारच्या आळीत एकाचा घोडा आहे. पर्यटकांची घोडागाडी ओढतो. सकाळच्या वेळी तो रिकामा असतो. अश्वशाळेने एक जुने खोगीर देऊ केले, ते गाडीच्या डिकीत. आठवड्याचे पाच दिवस मुलीची शाळा आणि माझे तास. सहाव्या दिवशी पहाटे रेवदंडा. पण शनिवार आला म्हणून समुद्र मोकळा होत नाही, हे आम्हांला बाबांनी पहिल्याच खेपेला शिकविले. मी आपला मोबाईलवर भरती-ओहोटीचे तक्ते शोधीत होतो. त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले आणि म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर." कोकणातला हा हिशेब जुनाच. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. भर उन्हात घोडा वाळूत घालायचा नाही, तो शनिवार फुकट. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या पुढेमागे. म्हणजे पहाटे पाच-सव्वापाचला पाणी पार मागे. ते शनिवार आमचे. मुलीने शाळेच्या वहीत वर्षभराचे शनिवार, त्यांच्या तिथी आणि पाऊणपटी मांडून ठेवल्या आहेत. तिच्या गणिताच्या बाईंना हे कळवावे असे मला वाटते.

वाळूचेही शास्त्र आहे. कोरडी भुसभुशीत वाळू घोड्याच्या पायांच्या शिरा धरते. पाण्याला अगदी खेटून गेले तर खूर रुततो. मधला, नुकते पाणी सरलेला, काळपट ओला पट्टा कामाचा. त्यावर मुलीने काठीने वीस बाय चाळीसचे मैदान आखले आणि त्या विचित्र बाराखडीसाठी नारळाच्या सोडणांवर खडूने अक्षरे लिहिली. बाबा तटाच्या दगडावर बसून पाहत होते. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. दोन शनिवार ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या खेपेला मैदानाच्या मध्यावर मुलीने घोडा थांबविला. थांबायला हवे चारही पाय चौरस ठेवून, निश्चल. घोडा एक पाय पुढे, एक मागे, मान झटकतोय. तिने लगाम ओढला. त्याने आणखी झटकली.

बाबा उठले आणि वाळूतून काठी टेकीत गेले.

"ओढू नको गो. तू ओढलंस की तो ओढणार. आणि त्याची मान तुझ्या हातापेक्षा जड. श्वास सोड. पाठ जड कर. आधी तू थांब, मग तो थांबेल."

तिने केले. नाही जमले. पुन्हा केले. पंधरा-वीस वेळा झाल्यावर घोडा थांबला आणि थांबून राहिला. फक्त कान हलत होते. शाळेत शिक्षक हेच इंग्रजी नावाने शिकवीत होते, असे ती नंतर म्हणाली; पण तिला ते तिथे कळले नव्हते.

"टांग्याचा घोडा पळतो म्हणून पोट भरत नाही," बाबा म्हणाले. "उभा राहतो म्हणून भरतं. म्हातारी चढते, पोरं चढतात, टोपल्या चढतात. तेवढ्यात घोडा हलला तर माणूस खाली. पळवायला काय, कुणीही पळवतो."

हे त्यांनी मुलीला सांगितले. मी दहा हातांवर उभा होतो.

किनाऱ्यावर घोडागाड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्यांत बाबा तरुणपणी दोनदा उतरले होते, हेही मला त्याच दिवशी समजले. बैलगाड्यांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये थांबविल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर मोकळ्या केल्या आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या मधल्या वर्षांत गावोगाव किती वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मुलीने सरळ विचारले, "आजोबा, तुम्ही चाबूक मारत होतात?" बाबा जरा थांबून म्हणाले, "मारला आहे. दुसऱ्या शर्यतीला मारला. म्हणून तिसरी केली नाही." मुंबईतल्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या तेव्हा ते हळहळले असतील, अशी माझी समजूत होती. विचारले तर म्हणाले, "डांबरावर नाल घासतात रे. बरं झालं."

एका रविवारी मुलीला गावातल्या शाळेच्या आवारातले निकितिनचे स्मारक दाखवायला नेले. अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वास्को द गामाच्या बरीच वर्षे आधी, तो चौल बंदरात उतरला. आणि उतरला तो एक घोडा घेऊन. त्या काळी अरबस्तानाकडून, होर्मुझहून घोडे जहाजांत घालून या किनाऱ्यावर आणीत आणि बहमनी मुलखात त्यांना मोठी किंमत येई. निकितिनने गाठीचा पैसा त्या एका घोड्यात घातला होता. जुन्नरला तिथल्या खानाने तो हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन म्हणाला. एका खुरासानी सरदाराने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. पुढे बिदरला त्याने तो विकला. आपला प्रवास त्याने लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत मंडळींबरोबर त्यावर 'परदेशी' चित्रपट काढला. आमच्या पिढीच्या आईवडिलांना त्यातली नर्गिस आठवत असेल. मी हे सारे वर्गात सांगतो तसे सांगत होतो. मुलगी ऐकून म्हणाली, "म्हणजे त्याच्याकडेही एकच घोडा होता." मी 'हो' म्हणालो आणि पुढचे व्याख्यान आवरले.

दुसरी स्पर्धा गेल्या हिवाळ्यात पुण्यात झाली. बाबांना नेले. पांढरे धोतर, टोपी, हातात काठी. मांडवातल्या उंची चष्म्यांमध्ये ते एकटे तसे दिसत होते. पहिल्या स्पर्धेतले ते गृहस्थ समोरून आले. मला पाहून थांबले. बाबांकडे पाहून अदबीने हात जोडले आणि म्हणाले, "हेच का तुमचे वडील? घोडे होते म्हणालात ते?"

या प्रसंगी मुलगी काहीतरी बोलेल, असे मला वाटले होते. ती शिरस्त्राणाचा पट्टा आवळत उभी राहिली. तिने माझी सुटका केली नाही.

"हो," मी म्हणालो. "बाबा टांगा चालवायचे. रेवदंडा ते चौल. तीस वर्षं."

गृहस्थ क्षणभर गोंधळले. मग त्यांनी बाबांना त्यांच्या मुलाच्या घोड्याचा मागचा पाय पाहायला नेले. तो दोन दिवस जरा लंगडत होता. बाबा अर्धा तास परत आले नाहीत. नाल कडेने दाबत होती म्हणे. नालबंदाला बोलवा, असे सांगून आले.

मुलीला एकोणसाठ टक्के मिळाले आणि अकरा जणांत सहावा क्रमांक. वर्तुळे अंडाकृती झाली, असा परीक्षकांचा शेरा आहे आणि तो योग्य आहे. दुडकीला बहुतेक पाच आणि सहा. मात्र पहिल्या थांब्याला सात आणि शेवटच्याला आठ. तो कागद बाबांनी मागून घेतला. इंग्रजी त्यांना येत नाही. आठ कुठे आहे तेवढे बोट ठेवून दाखवायला सांगितले आणि कागद घडी करून ज्या डब्यात त्यांचा टांग्याचा पितळी बिल्ला आहे, त्यात ठेवला.

दिवाळीला आम्ही रेवदंड्यालाच असू. पुढची स्पर्धा दोन महिन्यांवर आली आहे आणि वर्तुळे अजून अंडाकृतीच आहेत. काल रात्री बाबांचा फोन आला होता. पाडव्याला तिथी पहिली, ओहोटी साडेसहा-पावणेसातला. घोडेवाल्याला त्यांनी सांगून ठेवले आहे. अभ्यंगस्नान घोडा फिरवून आल्यावर, आणि खोगिराचा पट्टा झिजला आहे तो येताना बदलून आणा, असा निरोप आहे.