अर्ध्या टेबलाची जत्रा

आठवडे बाजार तुम्ही पाहिलाच असेल. भाजीवाल्या एका ओळीत, कापडवाले दुसऱ्या ओळीत, मिरची-मसाला तिसरीकडे. पण कुणी कुठे बसायचं हे ठरवतं कोण, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हांला?

चला, आज असा एक बाजार पाहू, जिथे हे कोडं वर्षातून दोनदा, वीस हजारांहून जास्त विक्रेत्यांसाठी सोडवावं लागतं!

हे आहे जपानमधलं टोकियो. 'युरिकामोमे' नावाच्या गाडीतून आपण समुद्राच्या कडेकडेने चाललोय. गाडीला चालक नाही, बरं का! उतरलं की समोर दिसतात उलटे टांगल्यासारखे चार पिरॅमिड. हे 'टोकियो बिग साइट' नावाचं प्रचंड प्रदर्शन-केंद्र. इथे ऑगस्ट आणि डिसेंबर महिन्यांत 'कॉमिक मार्केट' भरतं. लाडाचं नाव 'कॉमिकेट'. चित्रकथांचे वेडे चाहते स्वतः काढलेली, स्वतःच्या खर्चाने छापलेली पुस्तकं इथे विकतात. आपल्या शाळेतलं हस्तलिखित आठवलं ना? त्याचंच हे थोरलं भावंड! अशा प्रत्येक गटाला म्हणतात 'सर्कल'.

याची सुरुवात मोठी गमतीची आहे. 1975 साली चित्रकथांच्या एका संमेलनावर एका चाहतीने टीका केली, म्हणून तिला प्रवेशच नाकारला. काही तरुणांना ते फार लागलं. ते म्हणाले, "मग आपणच अशी जागा करू, जिथे कुणालाही दार बंद नसेल." 21 डिसेंबर 1975 रोजी पहिलं कॉमिकेट भरलं. सर्कल होती फक्त 32 आणि माणसं सुमारे 700. त्यातही बऱ्याचशा शाळकरी मुली!

पुढे गर्दी एवढी वाढली, की 2019च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाखांची हजेरी लागली. आणि इथेच खरी पंचाईत झाली. दार सगळ्यांना उघडं. पण टेबलं मोजकी! मग 'नाही' कुणाला म्हणायचं? उत्तम चित्रं काढणाऱ्याला घ्यावं, तर नवशिक्याने काय करायचं? जास्त पैसे देणाऱ्याला घ्यावं, तर शाळकरी मुलांनी कुठे जायचं? म्हणून तिथे सोडत काढतात. नाव निघालं तर आनंद, नाही तर पुढच्या वेळी पुन्हा अर्ज.

नाव निघालं की मिळतं काय? अर्धं टेबल! रुंदी 90 सेंटिमीटर, आणि मागे दोन खुर्च्या. उरलेल्या अर्ध्यावर शेजारी. तुमच्या बाकावरच्या जोडीदारासारखाच, कोपर लागलं की कुरकुर करणारा! प्रत्येक जागेला पत्ता असतो: दालन, ओळीचं अक्षर, क्रमांक आणि शेवटी 'ए' किंवा 'बी'. एकाच विषयाची सर्कल शेजारी-शेजारी बसवतात, म्हणजे शोधणाऱ्याची पायपीट वाचते.

आता एक कोडं. ज्याच्यापुढे शेकडो माणसांची रांग लागणार, त्याला कुठे बसवाल? मधोमध? छे! रांग वाट अडवेल, शेजाऱ्याचं टेबल झाकून जाईल, आणि चेंगराचेंगरी झाली तर? म्हणून अर्जातच विचारतात, 'मागच्या वेळी किती प्रती खपल्या? या वेळी किती आणणार?' जास्त खपवाल्यांना भिंतीलगत जागा मिळते. त्यांची रांग मोठ्या दारांतून बाहेर काढता येते. लोकांना वाटतं, भिंत म्हणजे मानाची जागा. पण मुळात ती सोय आहे. मधल्या ओळीत, दहाच प्रती घेऊन बसलेल्या नवख्या मुलीपर्यंत कुणीतरी पोचावं, यासाठीसुद्धा!

हा सगळा हिशेब मांडतात स्वयंसेवक. तिथे 'दुकानदार' आणि 'गिऱ्हाईक' असा भेदच मानत नाहीत. विकणारे, घेणारे, राबणारे, सगळे 'सहभागी'. म्हणून सकाळी बाजार उघडला की अख्खं दालन टाळ्या वाजवतं. संध्याकाळी संपला की पुन्हा टाळ्या!

तुमच्या शाळेत प्रदर्शन भरेल, तेव्हा बाकांची वाटणी तुम्ही मागून घ्या. सगळ्यांत हुशार मुलाला कुठे बसवाल? आणि पहिल्यांदाच काहीतरी मांडणाऱ्या लाजऱ्या मुलीला? आधी कागदावर आखून पाहा. वाटतं तेवढं सोपं नाही ते!