हळदोण्याचा ट्रम्पेट

‘अलबेला’ पुन्हा पाहिला. १९५१ सालचा, भगवानदादांचा. ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक पडद्यावर येतात. त्यांच्यात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आहे. एरवी आपले डोळे भगवानदादांच्या पायांवर नाहीतर गीता बालीच्या चेहऱ्यावर. वादकांकडे बघतो कोण? या खेपेला मी फक्त वादकांकडेच बघायचं ठरवलं. इतर नट वादकाचं सोंग आणतात, चिकला ते आणावं लागत नाही. त्याचं रोजचं कामच ते. रात्री हॉटेलच्या बॉलरूममध्ये, दिवसा ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे चितळकर, यांच्या रेकॉर्डिंगला. खरं नाव आंतोनियो शाविएर वाझ. गोव्यात हळदोण्याला १९१६ साली जन्म. १९६७ साली, पन्नाशी नुकतीच उलटलेली असताना, गेला.

*

चाहत्यांनी चिकला ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हटलं. पदवी प्रेमाने दिलेली आहे आणि तिला आधारही आहे. न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवाला आर्मस्ट्राँग हे त्याचं दैवत. त्याच्यासारखाच घोगरा आवाज लावून तो गायचाही. तरीही मला ती पदवी पुरत नाही. ‘अलबेला’तलंच ‘शोला जो भडके’ ऐका. बोंगो आहे, ओबो आहे, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, सगळा विलायती सरंजाम. आणि गातंय कोण, तर लताबाई आणि स्वतः चितळकर, म्हणजे विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला पुणतांब्याचा माणूस. त्या दोघांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांमध्ये हळदोण्याचा माणूस ट्रम्पेट भरतो. हे न्यू ऑर्लिन्समध्ये होण्यासारखं नव्हतं. इथेच होण्यासारखं होतं. मग आर्मस्ट्राँगचं नाव उसनं कशाला आणायचं?

पुढे ‘फ्यूजन’ नावाचा खण दुकानांत आला. त्याच्या कितीतरी आधी ही मंडळी ते काम पोटासाठी आणि हौसेसाठी, दोन्हींसाठी, करून मोकळी झाली होती.

*

आमच्या कात्रपला लगीनसराईत संध्याकाळी वरात रस्त्यावर आली की मागे रिक्षांची रांग लागते. मला घाई नव्हती. बॅण्डचा ट्रम्पेटवाला एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, गळ्याशी घामाने काळी पडलेली कॉलर. त्याने ट्रम्पेट तिरका केला, खालची बारीकशी कळ दाबली, एक फुंकर मारली. श्वासाचं साचलेलं पाणी फरशीवर पडलं. मग माउथपीस काढून कोटाच्या अस्तराला पुसला.

मी पिस्टनबद्दल विचारलं. म्हणाला, “मधला दाबला की अर्धा सूर खाली. पहिला दाबला की पूर्ण. तिसरा दाबला की दीड. बाकी सगळं ओठावर आहे, साहेब.”

“आणि मींड?”

“पिस्टन अर्धवट दाबून ठेवायचा आणि ओठ ढिला सोडत यायचा. रोज वाजवलं तरच जमतं. चार महिने धंदा नसला की ओठ जातो.”

ओठ जातो. ट्रम्पेटवाल्याचं अर्धं आयुष्य या भीतीत जात असेल.

मग तो उठला आणि नाचणाऱ्यांकडे बघत बघतच वाजवायला लागला. नवरदेवाचा मामा रंगात आला होता, म्हणून तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, आणखी एकदा. नोट ओवाळली गेली तेव्हा पट्टी चढवली. तुकडा किती वेळ चालायचा ते कागदावर नव्हतं, मामाच्या पायांत होतं. बॉलरूममधला चिक याच जातीचं काम करत असणार. समोर नाचणारे दमले की चाल बदलायची, खुलले की लांबवायची. चिकच्या तबकड्या निघाल्या, त्या ७८ च्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. मामा रंगात यायच्या आतच तबकडी संपते.

*

ही गोव्याची पोरं मुळात हे शिकली कुठे? चर्चच्या शाळेत. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडून संगीतशाळा होत्या. तिथे मेस्त, म्हणजे मास्तर, पोरांकडून सोल्फेज, म्हणजे विलायती सरगम, घोटून घ्यायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. त्यातून मुंबईत आली, धोबी तलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या क्लबांमध्ये, ट्रंक टाकून राहिली. इकडे १९३० च्या दशकात ताजमध्ये अमेरिकेचे काळे वादक येऊन वाजवत होते. लिऑन अ‍ॅबी, पियानोवाला टेडी वेदरफर्ड, ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ. गोव्याचा ट्रम्पेटवाला फ्रँक फर्नांड क्रिकेट स्मिथच्या शेजारी बसून वाजवायचा. वर्णामुळे मायदेशी दाराबाहेर ठेवलेले वादक इथे येतात आणि पारतंत्र्यातल्या पोरांना स्वतःचं वाद्य स्वतःच्या मनाने वाजवायला शिकवतात, हे मला फार मोठं वाटतं.

मग स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली. क्लबांचा धंदा बसला. वादकांनी सिनेमाची वाट धरली. संगीतकाराने गुणगुणलेली चाल नोटेशनमध्ये उतरवायची, चाळीस जणांना वाटून द्यायची, हे काम त्यांच्याशिवाय कोणाला जमत नव्हतं. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचं. चितळकरांनी ‘अलबेला’त चिकला चेहऱ्यासकट लोकांपुढे आणलं, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

*

फ्रँक फर्नांडबद्दल थोडं. कुडचड्याचा माणूस. १९४६ साली मसुरीला बॅण्डबरोबर असताना त्याने गांधीजींचं भाषण ऐकलं आणि त्याच्या डोक्यात आलं की आपण जॅझ हिंदुस्थानी पद्धतीने वाजवला पाहिजे. गांधीजींच्या भाषणातून कोणी सूतकताईकडे गेलं, कोणी तुरुंगात गेलं. एक माणूस ट्रम्पेटच्या चालींकडे गेला. पुढे त्याने ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

*

आमच्या इमारतीतले काका. मूळचे गिरगावचे, नोकरी चर्चगेटला. चाळ सोडून निवृत्तीनंतर कात्रपला आले, तसे इथे कितीतरी आले. त्यांना एकदा सहज विचारलं, साठच्या दशकात तिकडच्या हॉटेलांतलं जॅझ कधी ऐकलंत का?

“आत जायची आपली ऐपत कुठली रे? फुटपाथवरून ऐकायचो.”

ऑफिस सुटल्यावर उशिरा थांबावं लागलं की ते अ‍ॅस्टोरियाच्या बाजूने जायचे. तिथे ‘व्हेनिस’ होतं. थोडं पुढे गेलॉर्ड, अ‍ॅम्बॅसेडर. दरवान दार उघडायचा तेवढा वेळ आवाज बाहेर यायचा. दार मिटलं की नुसती धडधड.

“एक ट्रम्पेटवाला होता. कोण ते काय मला ठाऊक. दार उघडलं की त्याचा तो वरचा सूर असा यायचा बाहेर... मग मी घड्याळ बघत उभा राहायचो, म्हणजे दरवानाला वाटावं कोणाची तरी वाट बघतोय.”

आणि काकांनी तोंडाने वाजवून दाखवलं. ऐंशी पार केलेला माणूस, गालफडं बसलेली, कवळी सांभाळत “पां, पा-रा-पाऽऽ, पां”. शेवटचा ‘पां’ मुद्दाम जरा मागे ठेवून, तालाच्या किंचित नंतर. तेच तर जॅझमधलं अवघड असतं. ते त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. फुटपाथवर उभं राहून कानाने उचललेलं होतं. त्यांच्या पिढीतल्या कोणी काही ऐकलं असेल तर ते असंच तोंडी उरलंय. क्लबांमध्ये रोज रात्री तीन-तीन तास जे वाजायचं त्याचं रेकॉर्डिंग करतं कोण?

तो ट्रम्पेटवाला कोण याचा मी अंदाज लावणार नाही. काकांनी लावला नाही, मग मी कशाला लावू?

*

‘व्हेनिस’मध्ये वाजवणाऱ्यांत ख्रिस पेरी होता, एवढं मात्र पक्कं. मडगावच्या बोर्ड्याचा. जन्म १९२८. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्हींवर हात. तालमीच्या बाबतीत कडक म्हणून ख्याती. लॉर्ना कोर्देरो त्याच्याच बॅण्डमध्ये गायची.

चिकपेक्षा ख्रिसचं चाहत्यांच्या मनातलं स्थान वेगळं आहे आणि ते तसं का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. ख्रिसला कोणी ‘गोव्याचा अमका’ म्हणत नाही. तो ख्रिस पेरीच. कारण त्याने ट्रम्पेट थेट कोंकणी शब्दांना नेऊन लावला. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘नाचोंया कुंपासार’. दारुड्यावर गाणं, वेड्या प्रेमावर गाणं, नाचावर गाणं. गोव्यातल्या लग्नात बॅण्डने पहिले दोन सूर वाजवले की आजी खुर्चीवरून उठते. त्यात जॅझ किती, लॅटिन किती, मांडो किती, हे मोजत बसायची तिला गरज वाटत नाही. पन्नास वर्षं झाली तरी ती गाणी जुनी होऊन ‘ठेवणीतली’ झालेली नाहीत, वापरातली आहेत. वादकाला याहून मोठं प्रेम कुठलं मिळायचं?

लॉर्ना मध्ये बरीच वर्षं गायचीच थांबली होती. १९९५ साली परत आली. ख्रिस आणि लॉर्ना यांच्या गोष्टीवरून बेतलेला, त्याच गाण्यांनी गुंफलेला बार्द्रोय बार्रेतो यांचा ‘नाचोंया कुंपासार’ चित्रपट आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कोंकणी समजत नसलं तरी बघावा. कोंकणचं पाणी प्यालेल्या मराठी माणसाला अर्धंअधिक समजतंच.

*

आता उलट्या दिशेने आलेला एक: डॉन एलिस. अमेरिकन ट्रम्पेटवाला, १९३४ ते १९७८. अवघं चव्वेचाळीस वर्षांचं आयुष्य. लॉस एंजेलिसमध्ये त्याची गाठ हरिहर राव यांच्याशी पडली. हे रविशंकरांचे शिष्य. त्यांच्याकडून त्याने आपल्या तालांचं गणित घेतलं, आणि दोघांनी मिळून हिंदुस्थानी जॅझ सेक्स्टेट काढलं. १९६६ साली माँटेरेच्या महोत्सवात त्याच्या मोठ्या बॅण्डने जी रचना वाजवली तिचा ठेका एकोणीस मात्रांचा: तीन-तीन, दोन-दोन-दोन, एक, दोन-दोन-दोन. हाताने टाळी देऊन बघा, मधल्या त्या एकट्या एकावर पाय अडखळतो. मैफल ध्वनिमुद्रित आहे. अमेरिकन श्रोते शेवटी काय ओरडतात! ताल मोजता येत नसलेल्या लोकांनाही सम आलेली कळते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

त्याने चार पिस्टनचा ट्रम्पेट करून घेतला, अर्ध्या सुराच्याही निम्मं अंतर गाठायला. आपल्या श्रुतींच्या दिशेने टाकलेलं ते पाऊल. बॅण्डवाला जे ढिल्या ओठाने करतो ते एलिस यंत्रात बसवायला बघत होता. मला दोन्ही वाटा प्रिय, पण कान आधी ओठाकडे वळतो.

*

दुसरा अमेरिकन ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्या ‘ऑन द कॉर्नर’ या तबकडीत (१९७२) बादल रॉय यांचा तबला आहे. तबला ओळखू यायला वेळ लागतो. गर्दीत आहे. ठेका धरणाऱ्यांतला एक होऊन बसलाय. पाहुण्यासारखा पुढे आणून बसवलेला नाही, म्हणूनच तो मला तिथे शोभतो.

*

जॅझ यात्रा, मुंबईचा जॅझ महोत्सव. पहिली १९७८ ची, धोबी तलावला रंगभवनात, निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने. सॉनी रॉलिन्स आले होते, ट्रम्पेटवाले क्लार्क टेरी आले होते. रंगभवन उघड्यावरचं, आणि व्ही.टी.पासून पायी जवळ. तिकीटही आपल्या खिशाला पेलणारं. त्यामुळे हॉटेलच्या दाराबाहेर उभं राहणाऱ्या पिढीच्या पुढची पिढी निदान आत बसून ऐकू शकली आणि ऐकून शेवटची लोकल गाठू शकली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथलं संगीत बंद पडलं. शेजारी रुग्णालयं आहेत, कारण खोटं नाही. पण त्या जागेला तोलामोलाची दुसरी जागा शहराने दिली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

*

ख्रिस पेरी गेला २५ जानेवारी २००२ ला. भगवानदादा गेले ४ फेब्रुवारी २००२ ला. मधे दहा दिवस.

*

काकांसाठी फोनवर जुनी गाणी लावत होतो. तलत मेहमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ लागलं. काका सोबत गायला लागले, सगळे शब्द पाठ. चित्रपट ‘नादान’, साल १९५१, म्हणजे ‘अलबेला’चंच. संगीतकार चिक चॉकलेट.

काकांना पटेना. “नाचाच्या गाण्यांतला तो ट्रम्पेटवाला? त्याचं हे?”

त्याचंच. तलतच्या कापऱ्या गळ्यासाठी इतकी हळुवार, सुरांवर न रेंगाळता जाणारी चाल बांधणारा माणूस रात्री बॉलरूममध्ये आर्मस्ट्राँगच्या ढंगात गात होता. एकाच वर्षी दोन्ही. आजवर चिकची ओळख करून द्यायची झाली की मी ‘अलबेला’ लावायचो. आता आधी हे लावतो आणि ‘अलबेला’ मागाहून.