निगा

वडील देवाघरी गेले आणि रानडुकरांपासून भात राखणारी त्यांची दुनळी बंदूक मागे राहिली. परवाना त्यांच्या नावाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये ती जमा करणे आम्हांस प्राप्त होते. देण्यापूर्वी आम्ही तिची निगा केली. कोकणच्या खाऱ्या हवेत चामडी म्यान ओल धरते, घामेजल्या बोटानेही पोलाद गंजते. म्हणून नळ्या कोरड्या करून तेलाचा पातळ हात दिला. ओरखडे टाळण्यास मऊ कापड गुंडाळले.

गंजणाऱ्या संपत्तीत जीव गुंतवू नये, ही प्रभू येशूची शिकवण आम्ही जाणतो. परंतु ही निगा लोभाची नव्हे. गंजाने पोखरलेली नळी बार उडताना फुटू शकते. उद्या ती कोणाच्या हाती जाईल, ठाऊक नाही. त्या अनोळखी हाताची काळजी हीदेखील शेजाऱ्यावरील प्रीतीच होय.